वडाळीचा मळा परत देण्याविषयी

मी, केशव भगवंत पिंपळखुटे, वय वर्षे चौपन्न, येथील हायस्कुलातून प्रकृतीच्या कारणाने दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला संस्कृतचा मास्तर, आणि नागपूरच्या एका साप्ताहिकाचा एकोणीस वर्षांचा अमरावतीचा बातमीदार, राहणार अंबागेटच्या आत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांना गाठ पोटात सापडली, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. अफूचे जे थेंब मला दुखण्यासाठी दिले आहेत, ते लिहिण्याच्या दिवसांत मी घेतलेले नाहीत. अक्षर वाकडे दिसल्यास त्याचे कारण ते न घेणे हे आहे.

गेल्या भाद्रपदात मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी फाडले असून रद्द समजावे. त्यात मी वडाळीचा मळा श्रीमती पार्वताबाई जानराव होले, जात माळी, धंदा फुले विकणे व मजुरी, यांना ‘पुण्यार्थ दान’ मिळावा अशी तजवीज केली होती. मसुदा मला फार आवडला होता. पार्वताबाईंना बोलावून ऐकवला. त्या अंबादेवीच्या पायऱ्यांवरून उठून आल्या होत्या, मांडीवर हारांची टोपली होती. ऐकून म्हणाल्या, “दान नको मले, मास्तर. दान घेतलं का लोक म्हनतीन, बामनानं मरता मरता पुन्य केलं. मळा माहाच होता न? मंग दान कायचं?”

“मग काय लिहू?”

“जे झालं ते लिवा. एवढ्या बातम्या लिवता न गावाच्या.”

तेव्हा जे झाले ते लिहीत आहे. हे ऐकून त्या मळा घेतात की नाही, हे अजून ठरायचे आहे. या कागदाचा सगळा हेतू तेवढाच आहे. बाकीची कलमे भांडीकुंडी आहेत.

कलम १. माझी मिळकत. अंबागेटच्या आतील दोन खणी, एक माडीचे घर, परसातील लिंबासह. हे मी पगारातून व बातम्यांच्या मानधनातून घेतले असून स्वकष्टार्जित आहे. वडिलार्जित असे माझ्याकडे नाक व संस्कृत एवढेच आहे. पोस्टातील बचत तीनशे बारा रुपये. ग्रंथ दोनशे सव्वीस. एक घड्याळ, ते शाळेच्या घंटेपेक्षा सहा मिनिटे पुढे चालते. पत्नी सौ. सत्यभामा चार वर्षांपूर्वी वारली. आम्हांस मूलबाळ नाही.

कलम २. किरकोळ. ग्रंथ अकोल्याच्या वाचनालयास द्यावेत. वाचनालयाच्या चिटणिसांनी पूर्वी माझ्या एका व्याख्यानाचे आभार मानताना मला ‘गणिताचे व्यासंगी’ म्हटले होते; त्यांना सगळे व्याकरण एकदम उचलावे लागेल, याचे मला समाधान आहे. घड्याळ शेजारचे खुशालराव बोंडे, निवृत्त पोस्टमास्तर, यांना. ते वीस वर्षे रोज माझ्याकडे येऊन वेळ विचारतात आणि रोज “चुकीची आहे” म्हणतात. आता घरबसल्या म्हणावे. नागपूरच्या संपादकांना माझा टाक. राजधानीत बसून त्यांनी माझ्या प्रत्येक बातमीची शेपटी कापली. एकच बातमी त्यांनी अक्षर न कापता छापली. तिच्याबद्दल पुढे येत आहे. ती कापली असती तर बरे झाले असते.

सत्यभामेचे लुगड्यांचे गाठोडे जसे आहे तसे तिच्या बहिणीकडे पाठवावे. उघडू नये.

कलम ३. बँकेची इमारत व माझा श्लोक. वऱ्हाड लक्ष्मीवर्धिनी बँक लिमिटेड ही कापसाच्या तेजीत भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू झाली आणि १९२४ साली स्वतःच्या इमारतीत गेली. काळा दगड, पुढे चार खांब, आत भर वैशाखात अंगावर शाल घ्यावी असा गारवा, आणि गिऱ्हाइकाला वाळ्याचे पाणी. तिजोरीच्या खोलीचा लोखंडी दरवाजा विलायतेहून मुंबईस व तेथून आगगाडीने बडनेऱ्यास आला. बडनेऱ्याहून अमरावतीस आणायला आठ बैलजोड्या लागल्या. रस्त्यात दुतर्फा माणसे उभी होती. बायांनी त्या दरवाजाला हळदकुंकू लावले. मी लिहिले, “ज्यांना आपल्या पैशाची काळजी वाटते त्यांनी एकदा हा दरवाजा पाहून यावे व घरी जाऊन स्वस्थ झोपावे.” ही ती अक्षर न कापलेली बातमी.

दरवाजा आत असलेल्या पैशाचे रक्षण करतो. आत पैसे आहेत की नाहीत याबद्दल तो काही बोलत नाही. हे मी लिहिले नाही, कारण मला ते त्या वेळी सुचले नाही. पैसे संचालकांच्याच अकोला-अमरावतीच्या जिनिंग कारखान्यांना कापसाच्या तारणावर जात होते आणि दरवाजा त्यांच्यासाठी रोज दहा वाजता उघडत होता.

दर्शनी भागावर कोरण्यासाठी संचालकांनी माझ्याकडून श्लोक मागितला. शेवटचा चरण ‘अत्र लक्ष्मीः स्थिरा भूयात्’ असा आहे. लक्ष्मी येथे स्थिर असो. हा आशीर्वाद होता, ग्वाही नव्हे, असे मी पुढे अनेकांना समजावून सांगितले. संस्कृत न येणाऱ्यांना तो फरक पटला नाही, आणि येणाऱ्यांना पटला याची मला लाज वाटते. मानधन म्हणून बँकेचे दहा शेअर मिळाले. दर्शनी किंमत प्रत्येकी शंभर, भरणा झालेला पंचवीस. उरलेले पंच्याहत्तर बँक मागेल तेव्हा द्यायचे, म्हणजे कधीच द्यायचे नाहीत, असा तेव्हा सर्वांचा समज होता.

आता त्या इमारतीत सरकीचे गोदाम आहे. लोखंडी दरवाजा अजून तिथेच आहे. तो काढायचा तर भिंत पाडावी लागते, म्हणून लिलावात त्याला कोणी हात लावला नाही. मी गोदामवाल्यांकडे जाऊन माझा श्लोक पाथरवटाकडून छिनून टाकण्याची परवानगी मागितली, खर्च माझा. ते म्हणाले, “राहू द्या न मास्तर, व्यापाऱ्यावर चांगली छाप पडते.” तो विषय मी सोडला आहे.

कलम ४. पार्वताबाईंशी झालेला व्यवहार. पार्वताबाई व त्यांचे यजमान जानराव यांचा वडाळीच्या तलावाखाली अडीच एकरांचा मळा होता. दोन मोटांची विहीर, वांगी, मेथी, मुळा, आणि बांधाने झेंडू व शेवंती. फुले अंबादेवीच्या पायऱ्यांवर खपत. मी पायऱ्यांशी उभा राहून त्यांना कधी कधी बातम्या वाचून दाखवीत असे. दरवाजाची बातमी त्यांनी तीनदा वाचायला लावली होती.

१९३०च्या फेब्रुवारीत त्या अडीचशे रुपये कापडात बांधून माझ्या घरी आल्या. दुसरी विहीर खणायची होती. पैसे तोवर बँकेत ठेव म्हणून ठेवायचे होते. माझ्याबरोबर आले तर कारकून नीट बोलतात, एवढ्यासाठी त्या माझ्याकडे आल्या. त्याच आठवड्यात बँकेच्या वार्षिक समारंभात मॅनेजरांनी माझ्या पानात जिलबी वाढताना हळू म्हटले होते, “मास्तर, तुमचे शेअर पडून कशाला ठेवता? चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर देऊन टाका. पुढचं वर्ष जरा जपून जायचं दिसतं.” मॅनेजर आता हयात नाहीत. जिलबी मी खाल्ली.

मी पार्वताबाईंना सांगितले, ठेवीवर सहा टक्के मिळतात, शेअरवर नऊ. माझ्याजवळ दहा आहेत, तुला देतो.

त्यांनी विचारले, “मास्तर, हे शेअर म्हंजे बटईसारकंच न? पिकलं त आपला वाटा, नाई पिकलं त नाई?”

वऱ्हाडात बटईचा वाटा सर्वांना कळतो. पीक बुडाले तर वाटेकऱ्याला काही मिळत नाही. पण बुडालेल्या पिकासाठी त्याच्याकडून आणखी पैसे मागायला कोणी येत नाही. मी पस्तीस विद्यार्थ्यांना समास सोडवून दाखवणारा माणूस. मी म्हणालो, “हो, तसंच समज.”

त्यांचे अडीचशे रुपये मी मोजून घेतले आणि शाईची गादीही मीच पुढे केली. त्यांनी अंगठा उठवला. तीन मार्चला बँकेच्या दप्तरात माझे नाव जाऊन त्यांचे लागले. त्यांनी ते छापील कागद काचेत बसवून देवीच्या तसबिरीशेजारी लावले आणि रोज पहिले फूल त्यांना वाहिले. मी ते पाहिले आहे.

कलम ५. त्यानंतर. कापसाचा भाव पडला, कारखाने बसले, आणि १४ एप्रिल १९३१ रोजी बँकेने दार लावले. त्याच दिवशी बँक मोडीत काढण्याचा अर्ज कोर्टात पडला. दोनशे माणसे चार खांबांसमोर उन्हात उभी होती. एक बाई खांबाला हात लावून म्हणत होती, “एवढा दगड हाय, एवढा दगड हाय.” मी त्याची बातमी पाठवली. संपादकांनी शेपटी कापली.

पुढे मोडलेल्या बँकेचे देणेघेणे मिटवायला लिक्विडेटर आले. शेअरवाल्यांनी न भरलेले पंच्याहत्तर रुपये दर शेअरमागे भरावेत असा हुकूम सुटला. पार्वताबाईंना साडेसातशेची नोटीस आली. ती घेऊन जानराव माझ्याकडे आले.

“मास्तर, हे त आपल्यालेच पैसे मांगून राहिले. वाटा बुडाला त बुडाला. वरतून पंच्याहत्तर काहून?”

“कायदा आहे, जानराव.”

“तुमाले बी आली का नोटीस?”

मला आली नव्हती. बँक मोडीत निघण्यापूर्वी वर्षाच्या आत ज्याने शेअर विकले, तोही त्या रकमेला बांधील राहतो. वर्ष उलटून गेलेले असले की सुटला. मला तेरा महिने अकरा दिवस झाले होते. ही मोजदाद मी नोटिसा निघायच्या आधी, खोलीचे दार लावून, बोटांवर केली होती. जानरावांना म्हणालो, “माझे शेअर आता नाहीत ना.” त्यांनी मान डोलावली. त्यांना ते रास्त वाटले.

१९३३ साली मळ्याचा लिलाव झाला, सहाशे दहा रुपयांत. उरलेल्या एकशे चाळिसांत मुलगी शकुन हिच्या अंगावरची चांदी गेली. जानराव अकोल्याच्या कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये हमालीस गेले आणि तिथे दुसऱ्या वर्षी गाठींची थप्पी कोसळून वारले. पार्वताबाई व शकुन आज त्याच मळ्यात तीन आणे रोजाने निंदायला जातात.

शास्त्रकारांनी माणसावर जन्मतः देवांचे, ऋषींचे व पितरांचे अशी तीन ऋणे सांगितली आहेत. माळ्याचे सांगितलेले नाही, म्हणून मी बरीच वर्षे निर्धास्त होतो.

कलम ६. मळा हल्ली कोणाकडे आहे. तो लिलावात माझा पुतण्या चि. महादेव, अकोल्यास वकिलाकडे कारकून, याने घेतला. घेतल्यावर तो भाजीची करंडी घेऊन माझ्याकडे आला.

“काका, वडाळीचा मळा मारला. सहाशे दहात. दोन मोटांची विहीर!”

“कोणाचा होता?”

“असेल कोणी माळीण. आपण नाही घेतला तर दुसऱ्यानं घेतलाच असता न.”

या वाक्याला उत्तर नाही असे मी त्या वेळी समजलो. वांगी कोवळी होती. पाच वर्षे दर पंधरवड्याला करंडी येत राहिली व मी ती खात राहिलो. सत्यभामेला कोठून तरी कळले. तिने एके दिवशी वांगी चिरायची थांबवली आणि पुढे मरेपर्यंत त्या करंडीतले काही शिजवले नाही. मला मात्र वेगळे शिजवून घेण्यास मनाई केली नाही. मी शिजवून घेतले.

महादेव वाईट मुलगा नाही. त्याला जे शिकवले ते त्याने केले. तो दर दिवाळीस येऊन माझ्या प्रकृतीची चौकशी करतो आणि बोलता बोलता माडीच्या तुळया बोटाने ठोकून पाहतो.

कलम ७. घर. माझे वरील घर मी चि. महादेव यास देतो, परंतु एका अटीवर: माझ्या मृत्यूपासून साठ दिवसांच्या आत त्याने वडाळीचा मळा, विहिरीसह, उभ्या पिकासह, पार्वताबाईंच्या नावे रजिस्टर दस्ताने करून द्यावा. एक रुपयाही घेऊ नये. रजिस्टरचा खर्च माझ्या पोस्टातील बचतीतून व्हावा. घराची किंमत मळ्याच्या तिप्पट आहे. महादेवाचा हिशेब पक्का असल्याने तो रागावून का होईना सही करील.

न केल्यास घर त्याला मिळणार नाही. व्यवस्थापक रा. उत्तमराव गावंडे, वकील, यांनी ते विकून त्या पैशात हा मळा, आणि महादेव कोणत्याही किमतीस न देईल तर ओलिताची दुसरी अडीच एकर जमीन, पार्वताबाईंच्या नावे घ्यावी. उरेल ते शकुनचे. बचतीतील शिल्लकही शकुनच्या चांदीपोटी द्यावी.

हे दान नाही. बक्षीस नाही. ज्याचे होते त्याला, पाच वर्षे वापरून, परत.

कलम ८. उत्तरक्रिया. महादेवाने करावी, अटीशी तिचा संबंध नाही. तेराव्याला वांग्याची भाजी करू नये.

कलम ९. काल घडलेले. येथवरचा मजकूर उत्तमरावांनी काल पार्वताबाईंना माझ्या ओसरीवर वाचून दाखवला. शकुन बरोबर होती. मी लोडाला टेकून होतो. बटईचे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावले. जिलबीचा मजकूर आला तेव्हा शकुनने माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर मी पार्वताबाईंना अगं-तुगं करीत आलो. काल प्रथमच तोंडातून ‘तुम्ही’ निघाले, आणि दोघांनाही ते अवघड झाले.

“झालं वाचून?” त्यांनी विचारले.

“झालं. आता तुमचं काय म्हणणं?”

“हे कोन ऐकन?”

उत्तमराव म्हणाले, “मास्तरांच्या पश्चात हे कचेरीत दाखल होईल. महादेवराव ऐकतील, साक्षीदार, मी...”

“म्हंजे चार जन.”

उत्तमराव कागदांची घडी घालू लागले.

“आमच्या लिलावाची दवंडी पिटली होती, वकीलसायेब. अंबागेटपासून वडाळीपावतर डफडं वाजलं. जानराव माळ्यानं बँकेचे पैसे बुडवले, म्हनून. पोट्टे मांगं मांगं पयत होते. आमी दार लावून बसलो होतो. त्यो अकोल्याले गेला त्यो पैशासाठी नाई गेला. त्याले या गावात तोंड दाखवनं झालं नाई.” मग माझ्याकडे वळून, “याची बी पिटा.”

उत्तमराव म्हणाले, “बाई, मृत्युपत्राची दवंडी पिटायची रीत नाही.”

“रीत नसन. डफडंवाल्या नत्थुजीले पैसे देल्ले का तो काईबी पिटते.”

मी म्हणालो, “मी गेल्यावर उत्तमराव तशी व्यवस्था करतील.”

“मेल्यावर कायले? मेल्या मानसाले लाज रायते का?”

उत्तमरावांनी कायद्याच्या तीन अडचणी सांगितल्या. महादेवाला सगळे आधीच कळेल, ही त्यांतली मोठी. मी म्हटले, कळू द्या. माझे लिखाण तो प्रथमच लक्ष देऊन ऐकेल. मग मी कागद घेऊन दवंडीचा मजकूर लिहिला व वाचून दाखवला: “ऐका हो ऐका. बँकेचे शेअर धोक्यात असावेत अशी कल्पना असताना पिंपळखुटे मास्तरांकडून ते पार्वताबाई होले यांना विकले गेले...”

“थांबा,” पार्वताबाई म्हणाल्या. “मालूम होतं न तुमाले?”

“होतं.”

“मंग ‘होतं’ म्हना. अन् विकले गेले का विकले?”

“विकले.”

“तसं लिवा.”

मी तसे लिहिले. मजकूर असा ठरला: “ऐका हो ऐका. बँक बुडणार हे पिंपळखुटे मास्तरला माहीत होते. माहीत असून त्याने आपले शेअर पार्वताबाई माळिणीला विकले. जानराव माळ्याने कोणाचे पैसे बुडवले नाहीत.” एकोणीस वर्षांत मी एवढी लहान बातमी लिहिली नव्हती. हिची शेपटी कापता येणार नाही.

मी विचारले, “आता मळा घ्याल?”

त्या टोपली उचलून उभ्या राहिल्या. “पहिले आयकतो,” म्हणाल्या. “मंग पायतो.” शकुनने त्यांच्या पदराला लागलेली शेवंतीची पाकळी काढली आणि दोघी गेल्या.

कलम १०. दवंडी येत्या बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, अंबागेटपासून चार खांबांच्या इमारतीवरून वडाळीपर्यंत पिटावी. नत्थुजीस एक रुपया आगाऊ दिला असून प्रत्येक चौकात तीनदा म्हणण्याचे त्याने कबूल केले आहे. त्याने मजकूर ऐकून मला विचारले, “मास्तर, नाव तुमचंच घेऊ न? चुकून त नाई लिवलं?” चुकून लिहिलेले नाही. माझ्या घराची रस्त्याकडची खिडकी त्या वेळी उघडी ठेवावी व मला तिच्याशी बसवावे. डॉक्टरांनी त्या सकाळी थेंब देऊ नयेत.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, वाचून व समजून, खालील दोघांच्या समक्ष सही करून पुरे केले. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

मुक्काम अमरावती, मध्यप्रांत व वऱ्हाड. कार्तिक वद्य १०, शके १८६०, गुरुवार, ता. १७ नोव्हेंबर १९३८.

(सही) केशव भगवंत पिंपळखुटे

साक्षीदार:
१. (सही) खुशालराव बोंडे, निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) डॉ. शालिकराम काळमेघ

मळा स्वीकारल्याबद्दल श्रीमती पार्वताबाई जानराव होले यांचा डाव्या हाताचा अंगठा, दवंडी ऐकल्यानंतर त्यांची मर्जी असेल तर. जागा सोडली आहे: